सरकारी जमीन आणि वार्धक्यांतील निवारा

आमच्या शाळेंत एक गृहस्थ सत्तावीस वर्षें घंटा देत होते. नेमणूक शिपायाची, परंतु मुलें त्यांस 'फौजीकाका' म्हणत, आणि हळूहळू आम्ही शिक्षकही तसेंच म्हणूं लागलों. तरुणपणीं ते सैन्यांत होते. आठव्या वर्षीं दुखण्यामुळें त्यांस बाहेर पडावें लागलें; हातीं कांहीं एकरकमी पैसे आले, पण निवृत्तिवेतनास लागते तितकी सेवा भरली नव्हती. शाळेची नोकरीही अशी कीं सरकारी अनुदान सुरू होईपर्यंत त्यांचें वय उलटून गेलें. आज ते ७६ वर्षांचे आहेत. पत्नी निवर्तली, एकुलती मुलगी पुण्यास आपल्या संसारांत आहे.

गेल्या ज्येष्ठ महिन्यांत घरमालकानें त्यांस खोली रिकामी करावयास सांगितलें, आणि पुढें दीड महिना आम्ही दोघे जालना शहरांत खोली शोधीत हिंडलों. भाड्याचा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न सर्वत्र एकच. "आजोबा एकटेच राहणार काय?" असें विचारून लोक आमच्याकडे पाहत, त्यांच्याकडे नव्हे. एका सुशील बाईंनीं तर मोकळेपणानें सांगितलें, "गुरुजी, रागावूं नका. पण रात्रींबेरात्रीं कांहीं झालें तर निस्तरायचें कोणीं?" बाई खोटें बोलत नव्हत्या. म्हाताऱ्यास जागा नाकारणारा प्रत्येक मनुष्य निर्दय असतो असें नाहीं, तो भितो. आणि या भीतीवर अधिक भाडें देऊन उतारा पडत नाहीं. शिवाय अधिक भाडें आणावयाचें कोठून? फौजीकाकांस श्रावणबाळ योजनेचे दरमहा १५०० रुपये मिळतात. मुलगी जमेल तें पाठविते.

'जालना, सोने का पालना' ही म्हण आमच्याकडे लहानथोरांच्या तोंडीं आहे, आणि बियाण्यांच्या व लोखंडाच्या धंद्यानें ती आजही खरी करून दाखविली आहे. परंतु पाळणा झाला तो बाळाचा. म्हाताऱ्याच्या खाटेचें काय, तें म्हण सांगत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस वाटेल कीं, हा प्रश्न गोरगरिबांचा. आपल्या घरीं तो यावयाचा नाहीं. त्यांनीं आपल्या गल्लींतील वाडे एकदां मोजून पाहावे. किती वाड्यांत आतां दोनच माणसें राहतात, आणि किती वाडे विकून टाकून त्यांच्या जागीं दुकानें उभीं राहिलीं? गृहस्थानें उतारवयांत घर सोडून वनांत जावें, अशी आपल्या पूर्वजांची वानप्रस्थाची कल्पना होती. आज गृहस्थ घरींच बसतो, आणि पुत्रपौत्र पुण्याबंगळूरास नाहींतर अमेरिकेस जातात. आश्रम उलटा झाला आहे. २०११ च्या शिरगणतींत महाराष्ट्रांत ६० वर्षांवरील माणसें दर दहांत जवळजवळ एक या प्रमाणांत भरलीं; त्यानंतर हें प्रमाण वाढलेंच असणार. जालना जिल्ह्याची लोकसंख्या त्या शिरगणतींत १९,५९,०४६ होती, आणि त्यांतील बहुतेक लोक खेड्यांत राहणारे. खेड्यांतील तरुण छत्रपति संभाजीनगरच्या आणि पुण्याच्या कारखान्यांकडे जातात. मागें कोण राहतें, तें कोणत्याही गांवच्या पारावर सकाळीं दहा वाजतां दिसतें.

सरकारनें कांहींच केलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. १९९५ सालीं महाराष्ट्र सरकारनें 'मातोश्री वृद्धाश्रम' ही योजना काढली. एकेका आश्रमांत १०० वृद्धांची सोय, ऐपत असलेल्याकडून दरमहा ५०० रुपये, आणि नसलेल्यास सर्व निःशुल्क, अशी तिची मूळ आखणी होती. २००७ सालीं मध्यवर्ती सरकारनें आईवडिलांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा केला. त्याच्या १९ व्या कलमांत दर जिल्ह्यास निदान एक, आणि त्यांत किमान १५० निराधार वृद्ध राहूं शकतील असा वृद्धाश्रम सांगितला आहे. मात्र जन्मभर व्याकरण शिकविलेल्या माणसाचें लक्ष क्रियापदाकडे जातें. राज्य सरकार असे आश्रम 'स्थापील' असें तें कलम म्हणत नाहीं. 'स्थापूं शकेल' असें म्हणतें. या दोहोंतील अंतर आम्ही सातवीच्या मुलांस अर्ध्या तासांत समजावून देत असूं. म्हाताऱ्यास तें वर्षानुवर्षें भोगावें लागतें.

माजी सैनिकांसाठीं म्हणून ज्या सवलती आहेत त्यांचाही असाच प्रकार. २०२० सालच्या बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेनें त्यांस घरपट्टी माफ झाली; अर्थात् ज्यास घर आहे त्यास. २०१८ सालीं वीरगति पावलेल्या जवानाच्या कुटुंबास दोन हेक्टरपर्यंत शेतजमीन देण्याचें ठरलें. तें योग्यच झालें. परंतु जो घरीं परत आला आणि येथेंच म्हातारा झाला, त्याची गरज शेताची नसून खोलीची आहे.

आणि वृद्धाश्रम निराळा, घर निराळें. फौजीकाकांस आम्हीं वृद्धाश्रमाविषयीं विचारून पाहिलें होतें. ते म्हणाले, "पंगतीचें जेवण सैन्यांत पुष्कळ झालें, गुरुजी. आतां माझा चहा मीच करीन." अंथरुणास खिळलेल्या माणसास आश्रमच हवा, परंतु ज्याचे हातपाय चालतात, त्यास आपल्या कुलुपाची किल्ली आपल्या कनवटीस असावी असें वाटलें तर तो हट्ट नव्हे.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, सार्वजनिक जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानें द्यावी आणि तीवर वृद्धांसाठीं व माजी सैनिकांसाठीं लहान, बेताच्या भाड्याचीं घरें व्हावीं. शहरांतील घराच्या किमतींत जमिनीचा वांटा मोठा असतो. तो वगळला, तर उरतात विटा, लोखंड आणि मजुरी. आणि लोखंडाला तर जालन्यास दूर जावयास नको.

'जमीन कोठें आहे?' असें कोणी विचारतील. हें शहर तरी अशा प्रयोगांस नवें नाहीं. १८२७ सालीं येथें हैदराबाद कंटिंजंटची छावणी वसली. १९०३ सालीं तें सैन्य इंग्रजांच्या हिंदी सैन्यांत मिसळून गेलें. फौज गेली, भूमि येथेंच राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांनीं जालन्याजवळ बेथेल हें गांव वसविलें, तें निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्या सरकाराकडून सवलतीनें मिळालेल्या जमिनीवर. शेषाद्रि हे मूळचे ब्राह्मण, पुढें ख्रिस्ती झालेले. त्यांच्या धर्मांतराविषयीं आमच्या वाचकांचें मत कांहींही असो. निराश्रितांस बसवावयाचें तर अगोदर त्यांच्या पायांखालीं जमीन पाहिजे, हें त्या गृहस्थानें ओळखिलें होतें, एवढें कबूल करावें लागेल.

आतां भाडेपट्टाच कां? एकदां देऊन टाकावी, असें कां नव्हे? या प्रश्नावर थोडें थांबणें अवश्य आहे, कारण सारें मर्म येथें आहे. 'भाडें' हा शब्द संस्कृत 'भाटक' यापासून आलेला आणि 'पट्टा' हा 'पट्ट' यापासून. ज्या ताम्रपट्टांवर आपले प्राचीन राजे भूमिदान कोरून ठेवीत, त्यांतलाच हा पट्ट. परंतु तीं दानें 'आचंद्रार्क' असत. चंद्रसूर्य आहेत तोंवर भूमि दान घेणाऱ्याच्या वंशाची. मूळ हेतु विद्वानाच्या योगक्षेमाचा असे. पांचव्या पिढीस विद्या नाहींशी होई आणि भूमि राही. भाडेपट्टा याच्या नेमका उलट. त्यास शेवटची तारीख असते, आणि त्या तारखेस जमीन पुन्हां लोकांची होते. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ३८ व्या कलमानें जिल्हाधिकाऱ्यास सरकारी पडीक जमीन विशिष्ट मुदतीनें, विशिष्ट कामासाठीं व अटींवर भाडेपट्ट्यानें देतां येते. १९७१ चे सरकारी जमिनींच्या विल्हेवाटीचे नियम आहेत. कायम कब्जानें दिलेल्या जमिनीवरही 'भोगवटादार वर्ग २' असा शेरा असतो. म्हणजे परवानगीवांचून ती विकतां येत नाहीं. साधनें आहेत. परंतु साधनें असून काय होतें, तें आम्ही स्वानुभवानें सांगतों, आणि तें सांगतांना आम्हांस अभिमान वाटत नाहीं.

पुष्कळ वर्षांपूर्वीं आम्ही कांहीं शिक्षकांनीं मिळून एक गृहसंस्था काढली. तिचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. शिक्षकांस निवारा मिळावा म्हणून सरकारनें अल्प किमतींत जमीन दिली. अर्थात् वर्ग २ ची, न विकण्याच्या अटीवर. त्या वेळीं फौजीकाकांनींही सभासद होण्याची इच्छा दर्शविली होती. पहिला हप्ता भरावयास त्यांच्यापाशीं पैसे नव्हते, आणि आम्हां कोणासच तो त्यांच्यासाठीं भरण्याचें सुचलें नाहीं. आमच्या वांट्यास एक तुकडा आला. त्यावर आम्हीं घर बांधलें नाहीं. मुलीचें लग्न निघालें, आणि एका व्यापाऱ्याच्या नांवें मुखत्यारपत्र करून देऊन आम्हीं तो मोकळा केला. परवानगी, नजराणा वगैरे त्यानें मागाहून पाहून घेतलें. आमच्यासारखेच दुसऱ्यांनींही केलें. आज त्या वसाहतींत शिक्षक विरळा. घरें सुंदर आहेत, दारांत मोटारी आहेत. शिक्षकांसाठीं म्हणून दिलेली ती भूमि आम्हीं शिक्षकांनींच बाजारांत नेली. सरकारी अधिकाऱ्यांवर किंवा व्यापाऱ्यावर याचा दोष ढकलणें सोपें आहे. परंतु मुखत्यारपत्रावर सही आमची होती, आणि अक्षरही चांगलें वळणदार होतें.

असें लहान प्रमाणावर जें आमच्याकडून झालें, तेंच मोठ्या प्रमाणावर मुंबईस झालें. कुलाब्याच्या 'आदर्श' गृहसंस्थेचें नांव वाचकांच्या स्मरणांत असेल. सैनिकांच्या आणि कारगिलच्या वीरांच्या कुटुंबांच्या नांवाशीं जोडली गेलेली ही ३१ मजल्यांची इमारत. तिच्यांतील सदनिका अधिकारी, राजकारणी व त्यांचे आप्तेष्ट यांच्या वांट्यास गेल्याचें बाहेर येऊन २०१० सालीं राज्याच्या मुख्यमंत्र्यांस पद सोडावें लागलें. पुढें चौकशी आयोगानें निर्णय दिला कीं, जमीन राज्य सरकारची असून ती सैनिकांसाठीं राखलेलीच नव्हती. म्हणजे सैनिकाचें नांव सर्वांच्या तोंडीं आणि कागदावर कोठेंच नाहीं! २०१६ च्या एप्रिलांत उच्च न्यायालयानें इमारत पाडण्याचा हुकूम दिला. जुलैंत सर्वोच्च न्यायालयानें तो स्थगित करून इमारतीचा ताबा सैन्याकडे ठेवविला. आमच्या मतें या प्रकरणाचा बोध भ्रष्टाचारापुरता नाहीं. ज्याच्यासाठीं जमीन द्यावयाची त्याचें नांव पट्ट्यांत स्पष्ट लिहिलेलें नसेल, तर तें नांव दुसऱ्याच्या उपयोगीं पडतें.

हा दोष आपल्याच देशाचा आहे असेंही नव्हे. अमेरिकेंत लॉस एंजेलिस शहरीं १८८८ सालीं सुमारें ३०० एकर जमीन जायबंदी सैनिकांच्या घरासाठीं म्हणून दान मिळाली. पुष्कळ वर्षें तेथें म्हातारे सैनिक राहत असत. पुढें त्याच जमिनीचे तुकडे भाडेपट्ट्यानें एका विद्यापीठाच्या बेसबॉलच्या मैदानास, एका खासगी शाळेच्या क्रीडांगणास आणि अशाच इतर कामांस गेले. आणि त्या शहरांत माजी सैनिक रस्त्यावर निजूं लागले. खटले झाले. २०१६ सालीं तेथील विधिमंडळानें या एका जमिनीपुरता कायदा केला कीं, भाडेपट्टे द्यावयाचे ते मुख्यतः माजी सैनिकांच्या हिताचेच असावे. तरीही वाद मिटला नाहीं, आणि २०२४ सालीं न्यायाधीशानें असले कांहीं पट्टे बेकायदा ठरविले. गंमत अशी कीं, त्याच आवारांत सैनिकांसाठीं जीं नवीं घरें उभीं राहिलीं, तींही भाडेपट्ट्याच्याच मार्गानें. पट्टा हें शस्त्र आहे. तें कोणाच्या हातीं आहे आणि त्यावर काय कोरलें आहे, यावर सर्व अवलंबून.

नीट कोरलेल्या पट्ट्याचा नमुना सिंगापुरांत पाहावा. तेथें सामान्य नागरिकाचें घर सरकारी गृहमंडळानें बांधलेलें आणि ९९ वर्षांच्या पट्ट्याचें असतें. २०१५ पासून ५५ वर्षांवरील माणसास दोन खोल्यांचें घर अल्प मुदतीच्या पट्ट्यानें घेतां येतें. मुदत १५ पासून ४५ वर्षांपर्यंत, आपल्या वयाप्रमाणें निवडावयाची. अट इतकीच कीं, ती घेणाऱ्याच्या वयाच्या ९५ व्या वर्षापर्यंत पुरावी. जितकीं वर्षें थोडीं तितकी किंमत थोडी. असें घर बाजारांत विकतां येत नाहीं. लवकर सोडलें तर मंडळच तें परत घेतें आणि उरलेल्या वर्षांचे पैसे देतें. म्हाताऱ्यास आयुष्यभराची निश्चिति, आणि मागून येणाऱ्या म्हाताऱ्यासाठीं तेंच घर पुन्हां मोकळें. सिंगापूर श्रीमंत आहे हें खरें. परंतु ही योजना सुचावयास श्रीमंती लागत नाहीं, हिशेब लागतो.

आपल्याकडे मात्र वारें उलट वाहत आहे. २०१९ सालीं राज्य सरकारनें नियम केले, त्यांप्रमाणें अधिमूल्य भरून वर्ग २ च्या आणि भाडेपट्ट्याच्या जमिनी वर्ग १ च्या, म्हणजे पूर्ण मालकीच्या, करून घेतां येतात. ज्यांनीं प्रामाणिकपणें घरें बांधून दोन पिढ्या तेथें काढल्या, त्यांची यांत सोय झाली, त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु वृद्धांसाठीं व माजी सैनिकांसाठीं जो पट्टा द्यावयाचा, त्यास हा दरवाजा मुळींच असूं नये. आज अधिमूल्य भरून घेऊन मोकळी केलेली जमीन वीस वर्षांनीं सरकारलाच बाजारभावानें विकत घ्यावी लागेल.

जालन्यापुरतें बोलावयाचें तर प्रथम एक सावधगिरी. सरकारी जमीन म्हटली कीं पुष्कळांची दृष्टि गायरानाकडे जाते. २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें गांवच्या सामाईक जमिनी राखण्याविषयीं कडक निकाल दिला, आणि राज्य सरकारनेंही त्याच वर्षीं तसा हुकूम काढला. शिवाय मराठवाड्याच्या गायरानांवर भूमिहीन दलित कुटुंबें कैक वर्षें कसून पोट भरीत आलीं आहेत. १९९१ च्या शासननिर्णयानें १४ एप्रिल १९९० पूर्वींचीं त्यांचीं अतिक्रमणें कायम करण्याचें ठरलें, तरी कित्येकांच्या सातबाऱ्यावर नांव अद्याप चढलें नाहीं. एका गरिबास उठवून दुसऱ्या गरिबास बसविणें हा निवारा नव्हे. आणि म्हाताऱ्यास गांवाबाहेरचें माळरान देऊन तरी काय उपयोग? त्यास रुग्णालय, औषधाचें दुकान, भाजी आणि बोलावयास माणूस, हीं पायीं जाण्याच्या अंतरावर हवीं. जालन्यांत आणि अंबड, परतूर, भोकरदन, जाफराबाद, बदनापूर, मंठा, घनसावंगी या तालुक्याच्या गांवीं सरकारी खात्यांच्या व नगरसंस्थांच्या ताब्यांतील लहानसहान मोकळ्या जागांची यादी अगोदर करावी. २०२३ पासून जालन्यास महानगरपालिका आहे. तिनें शहरांतील यादी करावी. दहावीस खोल्यांची एक चाळ बसेल इतका तुकडाही पुरे. खोल्या तळमजल्याच्या, दारास उंबरठा नको, संडासांत धरावयास दांडा, आणि एक खोली देखरेख करणाऱ्या माणसाची. त्या बाईंनीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर या शेवटच्या खोलींत आहे.

पट्टा संस्थेस द्यावा कीं नगरपालिकेनें आपल्याच हातीं ठेवावा, याविषयीं मतभेद होतील. आमचा कल दुसऱ्या बाजूस आहे. संस्थांचा अनुभव वर सांगितलाच. २०२४ सालीं मंजूर झालेल्या पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या पर्वांत शहरांतील भाड्याच्या घरांस निराळें स्थान दिलें आहे, तेव्हां पैशाची वाट अगदींच बंद नाहीं. खोली कोणास मिळाली, तिचें भाडें किती आणि रांगेंत पुढें कोण, हें प्रवेशद्वाराशीं फळ्यावर खडूनें लिहिलेलें असावें. राहणारा निवर्तल्यावर त्याच्या जोडीदारास तेथें राहतां यावें, मुलांस नव्हे. हें ऐकून आमचीं कुटुंबच आम्हांस म्हणालीं, "मुलांस नाहीं, हें फार कठोर वाटतें हो." कठोर आहेच. परंतु मुलांस मिळूं लागलें कीं ती भूमि पुन्हां आचंद्रार्क झाली.

श्रावणांत आम्हीं या आशयाचा एक अर्ज लिहिला. आमची सही पहिली, फौजीकाकांची दुसरी, आणि खालीं आमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं चाळीसेक जणांच्या. एका कचेरींत तो घेऊन गेलों. तेथील तरुण कारकून आमचाच विद्यार्थी निघाला. त्यानें उठून नमस्कार केला, बसावयास दिलें, अर्ज दोनदां वाचला, आणि संकोचानें विचारलें, "गुरुजी, हा कोणत्या योजनेखालीं घेऊं?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. शेवटीं त्यानें तो 'संकीर्ण' या सदराखालीं घेतला आणि आवक क्रमांक घालून पोंच दिली.

फौजीकाका सध्यां आमच्या ओसरीलगतच्या खोलींत राहतात. ही खोली त्या विकलेल्या तुकड्याच्या पैशांतून लग्नखर्च वजा जातां उरलें, त्यांत बांधलेली. चहा तेच करितात. सकाळीं एक पेला आमच्या हातीं आणून देतात. पोंच त्यांनीं आपल्या सैन्यांतील मुक्ततेच्या कागदाबरोबर पत्र्याच्या पेटींत ठेविली आहे. दिवाळीनंतर चौकशीस यावें असें त्या मुलानें सांगितलें आहे. आम्ही दोघे जाणार आहों.